मी काय आयकलं ते सांगतो

काकाजींना कामावरून मी काढलं. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे मी त्यांच्याबद्दल चार चांगले शब्द लिहिणार आहे आणि ते वाचून कुणाचा असा समज व्हायला नको की मला माणसांची पारख आहे. मला पारख नाही. मला प्रोजेक्ट मॅनेजमेंटचं सर्टिफिकेट आहे. ते मी पुण्यात दोन वर्षं राहून मिळवलं, आणि नागपूरला धरमपेठेत घरी परत आले तेव्हा माझ्या बोलण्यातलं 'करून राहिले, जाऊन राहिले' पार धुऊन निघालं होतं. आईला वाटलं, मुलगी शिकून आली. बाबा म्हणाले, आता हिच्याशी जपून बोलावं लागेल.

आमची कंपनी तेव्हा काटोलजवळ संत्र्यांचं केंद्र उभारत होती. बागांतून आलेली संत्री धुवायची, पुसायची, त्यांना मेणाचा हात द्यायचा, आकाराप्रमाणे निवडायची आणि पेट्यांत भरायची, असं सगळं एका छपराखाली. आंबिया बहाराची, म्हणजे दिवाळीच्या सुमाराची, तोडणी सुरू व्हायच्या आत ते चालू व्हायला हवं होतं. बांधकामाची टीम एका कंत्राटदाराची, मशीन बसवणारी टीम पुण्याच्या कंपनीची आणि विजेची टीम तिसऱ्याच कुणाची. या तिघांनी एकमेकांशी नीट बोलावं, ही जबाबदारी कागदावर माझी होती. प्रत्यक्षात ते काम काकाजी करत.

काकाजींनी कोराडीच्या वीजकेंद्रावर विजेच्या कामात उभी हयात घालवली होती. निवृत्तीनंतर आमच्या मोठ्या साहेबांनी त्यांना समन्वयक म्हणून वर्षाच्या करारावर घेतलं. खरं नाव हजेरीपुस्तकात होतं आणि ते तिथेच राहिलं. उंच, वाळलेला देह, डोक्याला पांढरा दुपट्टा, पायात रबरी तळाचे बूट आणि शर्टाच्या खिशात एक कांदा. खिशात कांदा असला की ऊन लागत नाही हे नागपुरात सगळेच मानतात, पण बाकीचे लोक तो मे महिन्यात ठेवतात. काकाजींच्या खिशात तो पावसाळाभर असायचा.

त्यांची एक खोड होती. साधारण माणसाला काही सांगितलं की तो 'हो' म्हणतो, आपण खूश होतो आणि निघून जातो. काकाजी 'हो' म्हणत नसत. मान खाली घालून जरा थांबत आणि म्हणत, "मी काय आयकलं ते सांगतो." मग ते जे सांगत, ते ऐकून सांगणाऱ्याला घाम फुटे. बोलणं आपलंच असायचं, पण त्यांच्या तोंडून परत आलं की आपण किती गोलगोल बोललो होतो ते कळायचं.

मी पहिल्याच सभेत त्यांच्या तावडीत सापडले. तिन्ही टीमांपुढे मी 'संवाद' या विषयावर चाळीस मिनिटं बोलले. पडद्यावर बाण होते, वर्तुळात वर्तुळं होती. शेवटी विचारलं, कुणाला काही शंका? कुणालाच नव्हती. बांधकामाचा सुपरवायझर, काटोलचाच माणूस, खिडकीबाहेर बघत होता. मशीनवाल्या कंपनीचा पुण्याचा इंजिनिअर मान डोलावत होता, पण तो झोपेतही मान डोलावतो हे मला पुढे कळलं. मी लॅपटॉप मिटणार तोच काकाजी उठले.

"मॅडम, मी काय आयकलं ते सांगतो. तुम्ही म्हनता, आजपासून कोनी कोनापाशी जाऊन बोलाचं नाही. ज्याले जे सांगाचं ते त्यानं फोनवर लिवाचं, आन् दुसऱ्यानं ते वाचलं असं समजाचं."

मी म्हटलं, असं मी मुळीच म्हटलेलं नाही.

"मंग मी आयकाले चुकलो असन, नाही तर तुम्ही सांगाले. दोनातलं एक पाहून घ्या."

मी काही पाहून घेतलं नाही. म्हातारा ऐकायला चुकला, असं ठरवलं आणि सगळ्यांना चहा सांगितला. तो सांगायलाही काकाजीच गेले. टपरीवाल्याकडून त्यांनी 'सात चहा, त्यातले दोन बिनसाखरेचे' असं म्हणवून घेतलं आणि मगच परत आले. त्या टपरीवर आमच्या साइटचा चहा कधी चुकला नाही, एवढं मात्र कबूल करायला हवं.

रोज सकाळी पावणेआठला ते नागपुरातल्या काटोल नाक्यावर आमच्या जीपची वाट पाहत उभे असत. कोराडीहून बसनं तिथवर यायचे. वाटेत एकदा मी विचारलं की हे म्हणून दाखवण्याचं काय खूळ आहे. तेव्हा त्यांनी विजेच्या कामातली एक रीत समजावून सांगितली. लाइनवर माणूस चढायचा असेल तर आधी ती लाइन बंद करून घेतात. बंद करणारा सांगतो, कुठली लाइन, कुठून कुठपर्यंत. चढणाऱ्यानं ते त्याला म्हणून दाखवायचं आणि मगच खांबाला हात लावायचा. काम संपलं की ज्यानं लाइन बंद करून घेतली त्यानंच येऊन सांगायचं की झालं, आता सुरू करा. त्याचा सख्खा भाऊ सांगत आला किंवा साहेब आला, तरी बटण दाबायचं नाही.

"निरोप ज्याचा त्यानंच द्याव लागते मॅडम. दुसऱ्याच्या तोंडचा निरोप चालत नाही," ते म्हणाले.

मी म्हटलं, काकाजी, आपल्याकडे कोण खांबावर चढतंय? ते बाहेर बघत राहिले. मी वादात जिंकले असं समजून मीही बाहेर बघत राहिले.

साइटवर त्यांच्याबद्दल एक कथा होती. चुकीच्या निरोपामुळे एक माणूस त्यांच्या डोळ्यांदेखत दगावला आणि तेव्हापासून ते असे झाले, म्हणे. मला ती कथा फार आवडली. विचित्र माणसामागे एखादं दुःख सापडलं की त्याला समजून घेतल्याचं समाधान मिळतं आणि त्याचं म्हणणं ऐकायची गरज उरत नाही. एक दिवस मी चेहरा गंभीर करून, आवाज खाली आणून त्यांना त्याबद्दल विचारलं. ते चक्क हसले.

"नाही वं बाई, तसं काही नाही. लहानपनी मायनं राकेल आनाले पाठवलं, मी गोडं तेल घेऊन आलो. मले आपली विसराची सवय हाये. म्हनून म्हनून दाखवतो."

मी एवढा आवाज खाली आणला होता तो फुकट गेला.

निरोप घेऊन जाणं हा प्रकारच त्यांना मान्य नव्हता. ते निरोप नेत नसत, माणूस नेत. वैद्यानं नाडी बघावी तसं मनगट धरायचं आणि थेट दुसऱ्या टीमपाशी नेऊन उभं करायचं. भर मे महिन्याच्या दुपारी पुण्याच्या त्या इंजिनिअरला हॉलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत मनगट धरून नेताना मी पाहिलंय. तो बिचारा मागे वळून माझ्याकडे बघत होता आणि मी फोनवर असल्याचं सोंग करत होते. मग दोघांना विटांवर समोरासमोर बसवलं जायचं आणि खिशातला कांदा बाहेर निघायचा. ज्याच्या हातात कांदा त्यानं बोलायचं. त्याचं झालं की दुसऱ्यानं ते म्हणून दाखवायचं. पहिला 'हो, हेच म्हटलं' म्हणाला तरच कांदा दुसऱ्याकडे जायचा. केबलच्या चरीवरून एकदा तो कांदा पाऊण तास इकडून तिकडे फिरला. शेवटी निघालं असं की दोघंही एकच जागा सांगत होते, फक्त एकानं नकाशा उलटा धरला होता. सगळी साइट हसली. मी मात्र संध्याकाळच्या अहवालात लिहिलं, 'चर्चेत पाऊण तास वाया.'

कारण माझ्याकडे उपाय तयार होता. मी फोनवर सात ग्रुप केले होते. बांधकामाचा एक, मशीनचा एक, विजेचा एक, दोन-दोन टीमांचे तीन आणि सगळ्यांचा मिळून एक. शिवाय एक तक्ता होता, त्यात प्रत्येक कामाला एक ओळ. काम झालं की ओळ हिरवी. सकाळी उठून दात घासायच्या आधी मी किती ओळी हिरव्या झाल्या ते बघत असे. काकाजींकडे फोन चांगला होता. बंगलोरला नोकरी करणाऱ्या मुलीनं घेऊन दिलेला होता आणि त्यावर ते तिच्याशी रोज तोंड बघून बोलत. म्हणजे त्यांचं यंत्राशी वैर नव्हतं. पण ग्रुपमध्ये यायला ते तयार नव्हते. गावात दवंडी पिटली की प्रत्येकाला वाटतं दुसऱ्यानं ऐकली असेल, असं त्यांचं म्हणणं. माझ्या अहवालात मी त्याला 'बदलास विरोध' असं नाव दिलं.

त्यांची स्वतःची एक लांबट वही होती. तिला ते निरोपवही म्हणत. कुणी सांगितलं, कुणी ऐकलं, ऐकणाऱ्यानं काय म्हणून दाखवलं, आणि खाली सह्या. सही घ्यायला ते माझ्याकडेही यायचे. मी एका हातानं फोन कानाला धरून दुसऱ्या हातानं सही करायचे आणि मानेनंच 'जा' म्हणायचे. काय लिहिलंय ते वाचायला माझ्याकडे वेळ नव्हता, मला संवाद सांभाळायचा होता.

श्रावण आला आणि काम मागे पडलं. तसं ते सिमेंटच्या गाड्या वेळेवर न आल्यानं मागे पडलं होतं, पण मोठ्या साहेबांनी कारण विचारलं तेव्हा मला काकाजी आठवले. माणूस अडचणीत आला की त्याला नेहमी जवळचा आणि गरीब माणूस आठवतो. मी साहेबांना व्यवस्थित इंग्रजीत कळवलं की समन्वयकाची जागा अनावश्यक आहे, तिच्यामुळे निर्णयांना उशीर होतो आणि हे काम आता डिजिटल पद्धतीनं होऊ शकतं. साहेबांना पटलं. करार पुढे वाढवायचा नाही, महिनाअखेरचा दिवस शेवटचा, असं ठरलं. तसं पत्र काकाजींना मेलनं पाठवण्याचं कामही माझ्याकडेच आलं. मी त्यात माझी कारणं जशीच्या तशी इंग्रजीतच उतरवली, शेवटी 'शुभेच्छांसह' लिहिलं, शुक्रवारी संध्याकाळी ते पाठवलं आणि भाजी आणायला गेले.

सोमवारी सकाळी पावणेआठला ते काटोल नाक्यावर उभे होते. जीपमध्ये बसले, पावसापाण्याचं बोलले. मेलचा विषय नाही. मला वाटलं, यांनी वाचलाच नाही. आता सांगावं लागणार, म्हणून मीही काटोलपर्यंत पावसापाण्याचंच बोलत राहिले. मंगळवारीही तसंच. बुधवारी मी स्वतःच्या गाडीनं आले. मग मी त्यांना चुकवायलाच लागले. ते केबिनकडे येताना दिसले की मी हॉलमध्ये जायचे, हॉलमध्ये आले की मला गच्चीवरचं काम आठवायचं. तीन टीमांनी एकमेकांशी मोकळेपणानं बोलावं म्हणून पगार घेणारी बाई एका म्हाताऱ्याला एक वाक्य सांगायला लागू नये म्हणून शिड्या चढत होती.

त्यातच मोठ्या साहेबांची भेट ठरली. ते पुढच्या आठवड्यात गुरुवारी बागायतदारांना घेऊन केंद्र बघायला येणार होते. हॉलची मागची भिंत तेव्हा अर्धी मोकळी होती आणि त्या मोकळ्या जागेवर काकाजींनी एक गंजका पत्रा टांगला होता. त्यावर रंगानं लिहिलं होतं, 'मला विचारल्याशिवाय बांधू नये.' फोटोत ते फार वाईट दिसलं असतं. शिवाय साहेबांनी काकाजींना बघितलं असतं, काकाजींनी साहेबांना काही विचारलं असतं आणि मी अजून काही सांगितलेलं नाही हे उघडं पडलं असतं. म्हणून मी काकाजींना म्हटलं की बुधवारी आणि गुरुवारी नागपूरच्या ऑफिसात बसून सगळे नकाशे नव्यानं काढून आणा.

ते मान खाली घालून थांबले. "मी काय आयकलं ते सांगतो. तुम्ही म्हनता, दोन दिवस साइटवर येऊ नका."

मी म्हटलं, नाही नाही, नकाशे महत्त्वाचे आहेत. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि नुसतं "बरं" म्हणाले. त्यांनी कुणाचं बोलणं न पडताळता 'बरं' म्हटलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. मला वाटलं, चला, सुटले.

बुधवारी सकाळी मी पत्रा काढून कोपऱ्यात ठेवायला लावला आणि सगळ्यांच्या ग्रुपवर लिहिलं की गुरुवारपर्यंत हॉल चारही बाजूंनी पूर्ण झालेला हवा. धडाधड अंगठे आले. पहिला अंगठा मशीनच्या इंजिनिअरचा होता. दोन गवंडी जास्त लागले, भिंत उभी राहिली, गिलावा झाला, वर पिवळा रंगही लागला. साहेब आले, बागायतदार आले, फोटो निघाले. तक्त्यातली ओळ हिरवी झाली आणि साहेब म्हणाले, मॅडम, कमाल केलीत.

कमाल शुक्रवारी दिसली. मशीनचा ट्रेलर आला. संत्री निवडणाऱ्या त्या मशीनचा सांगाडा एकसंध होता, लांबच लांब, सुटा न होणारा, आणि हॉलचं दार माणसांसाठी होतं. ते मशीन मागच्या मोकळ्या भागातून आत जायचं होतं, म्हणूनच तो भाग मोकळा होता. मशीन बघायला आलेले दोन बागायतदार हातात नारळ आणि हार घेऊन पिवळ्या भिंतीसमोर उभे होते.

मी सुपरवायझरला विचारलं, भिंत का बांधली? तो म्हणाला, पत्रा निघाला म्हणजे विचारून झालं असेल, आणि मशीनवाले ग्रुपवर होतेच की, त्यांनी अंगठा दिला. मी इंजिनिअरला विचारलं, अंगठा का दिला? तो म्हणाला, मॅडमनी सांगितलं म्हणजे दुसरी वाट ठरली असेल, छपरातून वगैरे. दोघांनी आपापले फोन माझ्यासमोर धरले. दोन्ही फोनवर एकच वाक्य होतं आणि ते माझं होतं.

तरीही मी हरले नव्हते. दोष कुणाचा हे ठरवायला मी काकाजींची निरोपवही मागवली. त्या दिवशी ते साइटवर परत आले होते आणि भिंतीसमोर दुपट्ट्यानं तोंड पुसत उभे होते. त्यांनी पान उघडून दिलं. सांगणारे, मशीनवाले. ऐकणारे, बांधकामवाले. म्हणून दाखवलं ते असं, 'मशीन आत आल्याशिवाय मागची भिंत बांधायची नाही.' खाली तीन सह्या होत्या. तिसरी माझी होती, एका हातानं केलेली, वाकडी.

माझ्या तक्त्यात पावणेदोनशे ओळी होत्या आणि सगळ्या करायच्या गोष्टींच्या होत्या. अमुक एक गोष्ट करायची नाही, याला त्यात ओळच नव्हती. ते सगळं त्या लांबट वहीत होतं आणि मी ती वही अनावश्यक ठरवली होती. खरं सांगते, त्या क्षणी मला भिंतीची लाज वाटली नाही. आपण काय मेल लिहून बसलो, याची वाटली.

काकाजी 'मी म्हटलं होतं' असं एका शब्दानंही म्हणाले नाहीत. त्यांनी दोघांना मनगट धरून विटांवर बसवलं आणि कांदा काढला. किती भिंत पाडायची, कुठून पाडायची, ट्रेलर कसा लावायचा, खाली पाइप टाकून सांगाडा कसा सरकवायचा, हे दोघांनी एकमेकांना म्हणून दाखवलं. मीही तिसऱ्या विटेवर जाऊन बसले. माझ्याकडे कांदा आला तेव्हा माझ्याजवळ सांगण्यासारखं काही नव्हतं, मी तो पुढे दिला. दोन दिवसांत भिंत पडली, मशीन आत गेलं, भिंत पुन्हा उभी राहिली. बहार हुकणार नव्हता.

मी मोठ्या साहेबांना फोन केला. म्हटलं, काकाजींना ठेवायला हवं, मी लिहिलं ते चुकीचं होतं. साहेब म्हणाले, थांबा, तुम्ही काय लिहिलं ते वाचून दाखवतो. आणि त्यांनी माझा मेल पहिल्या ओळीपासून वाचून दाखवला. माझं इंग्रजी इतकं पटण्यासारखं आहे हे मला माहीत नव्हतं. ती जागा आता मंजुरीतूनच निघाली होती आणि पुन्हा घालायची तर पुढच्या वर्षी. साहेब माणूस वाईट नव्हता. त्यानं फक्त माझं ऐकलं होतं.

महिनाअखेर आली. संध्याकाळी काकाजी केबिनमध्ये डबा पिशवीत भरत होते. आता पळायला गच्चीही उरली नव्हती. लिहिताना सरसर गेलेलं वाक्य तोंडातून निघेना. शेवटी कसंबसं म्हटलं, "काकाजी, उद्यापासून तुम्हाला यायचं नाही."

त्यांनी पिशवी खाली ठेवली. "मी काय आयकलं ते सांगतो. काकाजीचं काम फालतू होतं, कामाले उशीर करे, म्हनून त्याले काढलं."

मी म्हटलं, "नाही. असं नाही."

"मंग कसं, ते सांगा."

मग मी सांगितलं. म्हटलं, "तुमचं काम बरोबर होतं. ती भिंत माझ्यामुळे बांधली गेली. जागा अनावश्यक आहे असं मी लिहिलं, ते खोटं लिहिलं. मला माझी बाजू सांभाळायची होती. आता साहेबांना सांगून पाहिलं, ते होत नाही." बोलताना माझा आवाज खाली गेला होता आणि या वेळी तो मी मुद्दाम आणलेला नव्हता. त्यांनी ते सगळं सावकाश म्हणून दाखवलं, एकही गोष्ट गाळली नाही. मी म्हटलं, हो, हेच.

"हे मेलमधी नव्हतं," ते म्हणाले.

म्हणजे त्यांनी वाचला होता. मी विचारलं, कधी? ते म्हणाले, आला त्याच शुक्रवारी. इंग्रजीत होता म्हणून मुलीला पाठवला आणि तिनं फोनवरून वाचून मराठीत सांगितला. घरची शेजारीच बसली होती.

मी म्हटलं, मग इतके दिवस तुम्ही एका शब्दानं बोलला नाहीत?

"निरोप तुमचा होता मॅडम. तुम्ही येऊन सांगान, म्हनून वाट पाहून राहिलो होतो." मग त्यांनी पिशवी उचलली. "आता एक काम करा. ते घरी वाचल्या गेलं. हे बी घरी येऊन सांगा."

मी म्हटलं, काकूंना आत्ता फोन लावते. ते पिशवी खांद्याला लावून दारात जाऊन उभे राहिले. मी फोन पर्समध्ये टाकला आणि जीपच्या ड्रायव्हरला कोराडीला घ्यायला सांगितलं.

घर कॉलनीच्या कडेला होतं. ओसरीतल्या खुर्च्यांवर वीजकेंद्राच्या राखेचा पातळ थर होता, तो काकूंनी पदरानं पुसला आणि मला बसायला सांगितलं. ठेंगण्या, गोल चेहऱ्याच्या बाई. कोण आलंय हे त्यांना सांगावं लागलं नाही. मी उभ्यानंच सगळं सांगितलं, केबिनमध्ये सांगितलं होतं तेच आणि त्याच क्रमानं. काकाजी भिंतीकडे तोंड करून बूट काढत होते आणि एका बुटाची नाडी त्यांना बराच वेळ सुटत नव्हती.

काकूंनी मध्ये एकदाही टोकलं नाही. माझं झाल्यावर म्हणाल्या, "म्हनजे ह्यायचं काम फालतू नव्हतं."

"नव्हतं, काकू."

"आन् चूक तुमची होती."

"हो. माझी."

त्या आत गेल्या. मला वाटलं चहा टाकायला गेल्या, आणि मला हायसं वाटलं. पण त्या बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात काकाजींचा फोन होता आणि पडद्यावर एका मुलीचा चेहरा उमटत होता, ऑफिसातून नुकतीच परतलेली, केस अजून बांधलेले.

"हिलेही सांगा," काकू म्हणाल्या. "तिलेच वाचाव लागलं होतं."

मी फोन हातात घेतला आणि पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.